नोकरी शोधताना सगळ्यांत अवघड काय जातं?

 

गेल्या दोन-तीन महिन्यांत आम्ही ज्या ज्या गटाच्या बैठकीला गेलो, तिथे एकच प्रश्न विचारला. तुमच्या घरातली शिकलेली मुलगी, सून किंवा तुम्ही स्वतः नोकरी शोधायला निघालात, तर सगळ्यांत अवघड काय जातं? कोणी म्हणालं कागद. कोणी म्हणालं पैसा. कोणी म्हणालं, मोबाइलला रेंजच नसते, बातमी कळणार कशी? एक ताई हसत म्हणाल्या, "नवऱ्याला पटवणं." आणि कोपऱ्यात बसलेल्या एक वयस्कर माय म्हणाल्या, "शोधणं काही अवघड नाही गं. वाट बघणं अवघड." आज आपण या उत्तरांवरच बोलणार आहोत, आणि प्रत्येक ठिकाणी गटाला काय करता येईल तेही बघणार आहोत.

पहिली अडचण बातमीची. जाहिरात निघते, मुदत पंधरा दिवस किंवा तीन आठवडे असते. आपल्यापर्यंत बातमी पोहोचेपर्यंत त्यातले दहा दिवस गेलेले असतात. अंगणवाडी सेविकेची किंवा मदतनिसाची जागा निघाली, तर ती त्याच गावात राहणाऱ्या बाईसाठी असते. बाहेरची बाई तिथे अर्ज करू शकत नाही. म्हणजे खरं तर ही जागा आपलीच. पण ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलेला कागद वाचायला आपल्यातली एकही गेली नाही, तर आपलीच जागा आपल्याला कळत नाही. आणि आता या कामाला बारावी पास लागते. तेव्हा जिची दहावी झाली आहे, तिने बारावीचा खासगी फॉर्म आजच भरायला हवा. जाहिरात निघाल्यावर बारावी करता येत नाही.

दुसरी अडचण कागदांची. यावर जरा जास्त बोलू, कारण आमच्या अनुभवात आपल्या भागातल्या सगळ्यांत जास्त मुली इथेच अडकतात.

आपल्याकडे आडनाव एकाच घरात दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. शाळेत गुरुजींनी वसावे लिहिलं, आजोबांच्या कागदावर वसावा, आधारवर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. नर्मदेच्या आणि सीमेच्या पलीकडे गुजरातेत आपलेच भाऊबंद वसावा लिहितात. आपल्याला त्यात काही वेगळं वाटत नाही. पण कागद तपासणाऱ्या कारकुनाला ती दोन माणसं वाटतात. जन्मतारखेचं तेच. शाळेत घालताना तारीख माहीत नव्हती म्हणून गुरुजींनी १ जून लिहिली, आणि आधार काढताना कोणी वेगळीच सांगितली. लग्न झालं की अजून एक भर पडते. गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव, रेशनकार्डावर नवऱ्याचं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लग्नानंतरही बाईची जात आणि जमात वडिलांकडूनच धरली जाते. जातीचा दाखला माहेरच्या कागदांवर निघतो. आपल्या तालुक्याचा दाखला तळोद्याच्या उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीने मिळतो.  नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडायचा. तो आपल्या ग्रामपंचायतीत ग्रामसेवकांकडे मिळतो. आपल्यातल्या कितीतरी जोडप्यांनी दहा-दहा वर्षं संसार करूनही लग्नाची नोंद केलेली नाही. ती करून घ्या. नोकरी लागो न लागो, तो कागद बाईच्या उपयोगाचाच आहे.

यानंतर येते जात वैधता. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात याचा कायदा २००१ पासून लागू आहे. राखीव जागेवर निवड झाली, तरी वैधता नसेल तर नोकरी टिकत नाही. त्यासाठी तपासणी समितीकडे अर्ज करावा लागतो, आणि अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख महत्त्वाची असते. त्याच्या आधीपासून आपलं घराणं इथलंच आहे, हे दाखवायचं असतं. आता सांगा, काठी म्हणजे जुन्या मेवासी संस्थानांपैकी एक. या डोंगरात शाळा उशिरा आल्या. आजोबा शाळेतच गेले नाहीत, तर त्यांचा शाळेचा दाखला कुठून आणायचा?

तरीही वाट असते. शाळेचा दाखला नसेल तर जन्म-मृत्यूची जुनी नोंद, ज्याला गाव नमुना १४ म्हणतात, ती तहसील कार्यालयात शोधता येते. जमिनीचे जुने उतारे असतात. आणि सगळ्यांत मोठा आधार म्हणजे वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कोणाला आधीच मिळालेली वैधता. काका, चुलतभाऊ, आत्या, सख्खा भाऊ. त्यांच्या प्रमाणपत्राची प्रत आणि वंशावळ जोडली की काम पुष्कळ सोपं होतं. समितीची माणसं देवदेवता, लग्नाच्या रीती, बोली यांबद्दलही विचारतात. तेव्हा घाबरू नका, आपल्या घरात जे चालतं तेच सांगा. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ च्या निकालात सांगितलं आहे की अशा प्रश्नोत्तरांची चाचणी हीच एकमेव कसोटी धरता येणार नाही. कागदांचं वजन मोठं असतं.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं सांगतो. बी.ए. झालेली, गटातल्या एका ताईंची लेक. तिचं काम दोन वर्षं एका अक्षरावर अडलं होतं, वसावे की वसावा. चुलतभावाकडे वैधता होती, पण तो कुटुंबासकट ऊसतोडीला गुजरातेत. फोन लागत नव्हता. शेवटी होळीला तो गावी आला. काठीची होळी म्हटल्यावर कुठेही गेलेला माणूस परत येतोच. त्या दोन दिवसांत ताईंनी नाचगाण्याच्या गर्दीतून त्याला शोधून काढलं, प्रमाणपत्राची प्रत घेतली, काकांकडून वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रासाठी लागणारी माहिती लिहून घेतली. पुढच्या आठवड्यात अर्ज गेला. तेव्हापासून आम्ही सगळ्या गटांना सांगतो, होळी आणि दिवाळी हे कागद गोळा करायचेही दिवस आहेत. नातेवाईक आले की जेवणाआधी कागद मागा. एकदा का माणसं कोयता घेऊन गाडीत बसली की पुढचे पाच-सहा महिने हाती लागत नाहीत.

तिसरी अडचण अर्ज भरण्याची. आता सगळे अर्ज ऑनलाइन. मुलगी अक्कलकुव्याला किंवा मोलगीला जाते, दुकानदार फॉर्म भरून देतो. मोबाइल नंबर कोणाचा? कधी दुकानदाराचा, कधी भावाचा. ईमेल दुकानदाराने काढलेला, पासवर्ड त्यालाच ठाऊक. मग प्रवेशपत्र आल्याचा मेसेज भावाच्या फोनवर जातो, भाऊ असतो बारडोलीच्या बाजूला, आणि परीक्षा होऊन गेल्यावर घरी कळतं. आम्ही अशा तीन मुली पाहिल्या आहेत. अभ्यास केलेला, फी भरलेली, परीक्षा चुकली.

म्हणून नियम साधा आहे. स्वतःचा नंबर, आणि तो बदलायचा नाही. रिचार्ज संपलं तरी सिम बंद पडू द्यायचं नाही. ईमेल आणि पासवर्ड एका वहीत लिहायचा, आणि वही घरच्या पेटीत. भरलेल्या फॉर्मची छापील प्रत आणि फीची पावती घेतल्याशिवाय दुकानातून उठायचं नाही. फोटो आणि सही स्कॅन करून एकदाच नीट ठेवायची.

चौथी अडचण पैशाची. २०२३ च्या तलाठी भरतीचं उदाहरण घ्या. राज्यभरात साडेचार हजारांच्या आसपास जागा, आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. राखीव प्रवर्गाला फी होती ९०० रुपये. त्यात दुकानदाराचे पैसे, झेरॉक्स, परीक्षा केंद्रापर्यंतचा प्रवास, सोबत येणाऱ्याचं भाडं, मुक्काम. एका फॉर्मला दोन-अडीच हजार सहज जातात. मजुरीवर चालणाऱ्या घरात बाप विचारतो, "एवढे पैसे घालून लागेल का नोकरी?" याचं उत्तर कोणीच देऊ शकत नाही. म्हणून जिथे जागा निघेल तिथे फॉर्म भरत बसू नका. दोन किंवा तीन भरत्या ठरवा आणि त्यांचाच अभ्यास करा. पोलीस भरतीला मुलींसाठी उंची १५५ सेंटिमीटर लागते. ती नसेल तर तो फॉर्म भरून पैसे घालवू नका. असेल, तर आजपासून ८०० मीटर धावायला लागा. डोंगर चढणाऱ्या आपल्या पोरींना दम कमी पडत नाही, पण गोळाफेक मात्र शिकूनच येते.

काही गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत, त्याही ठाऊक हव्यात. राज्याच्या नोकऱ्यांत महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. राज्याच्या बऱ्याच पदांना मागास प्रवर्गाची वयोमर्यादा ४३ पर्यंत आहे. म्हणजे दोन लेकरं झालेली पस्तीस वर्षांची ताईसुद्धा अर्ज करू शकते. वय गेलं असं स्वतःच ठरवू नका, जाहिरात वाचा. आणि मार्च २०२३ पासून एस.टी. बसमध्ये बायांना अर्धं तिकीट आहे. देवगोई घाटातून जीपने लोंबकळत जाण्यापेक्षा बसची वेळ बघून निघालेलं बरं. परीक्षा पावसाळ्यात असेल तर एक दिवस आधी निघायचं. घाटात दरड आली तर परीक्षा कोणी थांबवून ठेवत नाही.

पाचवी अडचण बोलण्याची. आपण घरात याहा म्हणतो, शाळेत आई म्हणायला शिकतो, बाजारात थोडी गुजराती बोलतो. तीन भाषा येणं ही हुशारी आहे. पण मुलाखतीत खुर्चीवर बसलं की आपली पोर खाली मान घालते आणि "अनुभव नाही" म्हणते. का नाही अनुभव? जिने चार वर्षं गटाचं इतिवृत्त लिहिलं, बचतीचा हिशेब रुपयाला रुपया जुळवला, बँकेत कर्जाची फाइल घेऊन गेली, ग्रामसंघाच्या बैठकीत उभी राहून बोलली, तिला अनुभव नाही? हे सगळं अर्जात लिहायचं आणि तोंडाने सांगायचं. बैठक संपल्यावर पाच मिनिटं काढा. एका बाईने साहेब व्हायचं, मुलीने उत्तरं द्यायची. आधी हसू येईल. तिसऱ्या वेळी हसू थांबतं आणि आवाज मोठा होतो.

सहावी गोष्ट अडचण नाही, धोका आहे. नोकरी शोधणाऱ्या माणसाची गरज लोकांना दुरून दिसते. आमच्या एका गटात एक जण आला होता. गुजरातेतल्या एका कारखान्यात मुलींना पॅकिंगचं काम, राहणं-खाणं फुकट, फक्त गणवेश आणि नोंदणीचे आधी तीन हजार. चार मुलींचे पैसे घेतले, मग फोन बंद. म्हणून सांगतो, जो काम देण्याआधी पैसे मागतो तो काम देणारा नाही. सरकारी जागा विकत मिळते असं सांगणारा खोटं बोलतो. परीक्षेची फी फक्त त्या खात्याच्या संकेतस्थळावर भरायची, कोणाच्या फोनवर पाठवायची नाही. मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवायची नाही. ऑनलाइन पैसे गेले तर लगेच १९३० या नंबरवर कळवायचं. आणि मुलगी बाहेरगावी कामाला जाणार असेल, तर कंपनीचं नाव, पत्ता, नेणाऱ्या माणसाचा आधार आणि फोन गटाच्या वहीत लिहून घ्या. ज्याला नाव सांगायला संकोच वाटतो, त्याच्यासोबत आपली लेक पाठवायची नाही.

आता त्या वयस्कर मायच्या उत्तराकडे येऊ. वाट बघणं.

परीक्षा झाली. निकाल नाही. निकाल आला, यादी नाही. यादी आली, नेमणूक नाही. आपल्या भागाने हे फार जवळून पाहिलं आहे. आपला तालुका पाचव्या अनुसूचीतला. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्यसेविका अशा १७ संवर्गांतल्या जागा अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासी उमेदवारांमधून भरायच्या, असं राज्यपालांच्या अधिसूचनेने ठरलं. २०२३ मध्ये भरती निघाली, पोरांनी परीक्षा दिल्या, पासही झाली. पण वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि नेमणुका थांबल्या. २०२४ मध्ये उपोषणं झाली, मोर्चे निघाले. ४ ऑक्टोबरला मंत्रालयात आदिवासी आमदारांनी जाळीवर उड्या घेतल्या. त्यानंतर मानधनावर तात्पुरत्या नेमणुका देण्याचं ठरलं. यात पास झालेल्या मुलीचा काय दोष होता? काही नाही. पण घरी रोज विचारणा होते, "काय झालं तुझ्या नोकरीचं?" आणि तिच्याकडे उत्तर नसतं.

मुलगा वाट बघतो तेव्हा घर म्हणतं, लागेल कधीतरी. मुलगी वाट बघते तेव्हा घर म्हणतं, आता लग्न करून टाकू. सून वाट बघते तेव्हा तर अभ्यासाचं पुस्तकच आधी कोणाच्या तरी डोळ्यांत खुपतं. ज्या बी.ए. झालेल्या मुलीचं आम्ही मघाशी सांगितलं, तिला वैधता मिळाली. पण ती एका भरतीत प्रतीक्षा यादीत आहे, आणि गेल्या हंगामात घरच्यांबरोबर ऊसतोडीला जाऊन आली. पदवी घेऊन मोळ्या बांधल्या. कामाची लाज नाही, कष्टाची भाकरी आहे. पण फडावर तिला एक बाई म्हणाली, "शिकून काय मिळालं?" ते तिला ऊस तोडण्यापेक्षा जास्त लागलं. आम्हाला वाटतं, नोकरी शोधण्यातला सगळ्यांत अवघड भाग हाच. नकार आला तर माणूस पुढचं बघतो. उत्तरच येत नाही, तेव्हा तो स्वतःलाच कमी समजायला लागतो.

यावर औषध एकच दिसतं. वाट बघताना हात रिकामे ठेवायचे नाहीत आणि माणूस एकटं ठेवायचं नाही. निकाल येईपर्यंत काहीतरी शिका. एम.एस.सी.आय.टी. नसेल तर ते करा, बऱ्याच सरकारी पदांना ते लागतंच. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेचं प्रशिक्षण फुकट असतं, राहण्याची सोयही असते, आणि बायांना ४५ वर्षांपर्यंत वयाची सवलत ठेवली आहे. जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेतही पैसे लागत नाहीत. शिवण, भगर आणि आमचूर नीट पॅक करून विकणं, हिशेब ठेवणं, जे जमेल ते. चार पैसे मिळाले की घरातले प्रश्नही कमी होतात.

आता गटांचं काम. आपली दशसूत्री आठवा. बैठक, बचत, कर्ज, परतफेड, हिशेब, आणि त्यापुढे आरोग्य, शिक्षण, पंचायतीतला सहभाग, सरकारी योजना, शाश्वत उपजीविका. मुलीची नोकरी शोधणं यातल्या किमान तीन सूत्रांत बसतं. मग ते एकट्या घराचं काम कसं?

आम्ही पाच कामं सुचवतो. एक, दर बैठकीत नोकरीची बातमी हा विषय इतिवृत्तात लिहा. बाजाराला जाणारी एक बाई पंचायतीचा फळा वाचून येईल. दोन, नोकरी शोधणाऱ्या प्रत्येकीची कागदांची एक पिशवी करा, आणि काय कमी आहे त्याची चिठ्ठी वर चिकटवा. तीन, परीक्षेच्या फीसाठी अंतर्गत कर्ज द्या. बियाण्याला देतो, बकरीला देतो, तर परीक्षेलाही देऊ. चार, परीक्षेला मुलगी एकटी जाणार नाही, गटातली एक बाई सोबत जाईल. लहान मूल असेल तर त्या दिवशी दुसरी सांभाळेल. पाच, निकालाची वाट बघणारीला बैठकीत बोलवा. "काय झालं?" असं विचारू नका. "पुढचा फॉर्म कोणता, काय लागतं?" असं विचारा.

या कामांना कोणाची परवानगी लागत नाही, आणि पैसाही फारसा लागत नाही. पुढच्या बैठकीत यातलं एक तरी सुरू करा, आणि आम्ही येऊ तेव्हा वहीत दाखवा. इतकं बोलून थांबतो. घाटातली वाट जपून चाला. रामराम.